मागच्या चाकाचा आवाज

मोटारीचा एक्सल एकदम तुटत नाही. तो आधी सांगतो, पुष्कळ दिवस सांगतो. आपल्याला ऐकायचं नसतं, ही गोष्ट वेगळी. सत्तर सालच्या आसपास मी जळगावात एका कापसाच्या व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर होतो. माझे कान तिखट होते, तरी सहा महिने मी बहिऱ्याचं सोंग घेतलं. का घेतलं, ते दोन माणसं सोडून पुढे कितीतरी वर्षं कोणाला सांगितलं नाही. लोकांनी वेड्यात काढलं असतं.

शेठच्या बंगल्यामागे गाडीची शेड होती आणि शेडला लागून माझी खोली. लग्नानंतर दोन वर्षांतच बायको बाळंतपणात गेली, मूलही राहिलं नाही. मग त्या खोलीत मी आणि स्टोव्ह. ड्रायव्हरचं जिणं मोठं विचित्र. दिवसभर माणसांत असतो आणि बोलत कोणाशीच नाही. मागच्या सीटवर शेठ आणि त्यांचे पाहुणे रुईच्या भावावरून हसत, भांडत. मुक्कामाला पोचलो की ते आत जात आणि मी गाडीपाशी. आतून चहा यायचा, कधी द्यायचा विसरायचे. राग यायचा, पण काढणार कोणावर? फडकं घेऊन काच पुसायची, आधीच स्वच्छ असली तरी.

असोद्याला माझी सासू एकटी राहायची. सासरे आधीच गेलेले, आणि मुलगी एकुलती एक, तीही गेली. मी तिला मामी म्हणायचो. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. शेठ बाहेरगावी असले आणि गाडी रिकामी असली की पंधरा-वीस दिवसांतून एकदा त्यांच्या परवानगीने मी तिकडे चक्कर मारायचो. बायको गेल्यावर सासुरवाडीला कोण जातं? पण मला जायला दुसरं घर नव्हतं.

एकदा मी दारात गाडी उभी करून आत गेलो, तर चुलीवर चहा उकळत होता आणि मामी चाचपडत दोन कप पुसत होती.

"कोण येणार आहे, मामी?"

"तुमीच की, जावाईबापू. डोयाले दिसत नही, पन गाडीचा आवाज कयला मले. तुमची गाडी बोलते."

आमच्याकडे बैलगाडीचं असंच होतं. चाक लाकडी आखावर, बैलगाडीच्या एक्सलवर, जरा सैल ठेवत, म्हणजे चालताना गाडी खडखड वाजे, आणि प्रत्येकीचं वाजणं निराळं. आपली गाडी वळणापलीकडे आली की घरातल्या बाया चुलीवर तवा टाकत. मुकी गाडी कोणाला आवडायची नाही. मामीचा सगळा जन्म तसल्या गाड्या ऐकण्यात गेलेला. त्या दिवशी मला इतकं बरं वाटलं की परतताना मी एकटाच मोठमोठ्याने गात आलो. या जगात एका घरी माझी चाहूल लागल्यावर आधण ठेवलं जात होतं.

आता तो आवाज कसला होता, ते सांगतो. क्लच सोडून गाडी निघाली की उजव्या मागच्या चाकाकडून 'टक्' व्हायचं. रिव्हर्स घेतला की पुन्हा 'टक्'. वेग धरला की भुंग्यासारखी गुणगुण. पुढे पुढे त्या चाकाच्या आतल्या अंगाला तेल झिरपून धुळीचा चिखल चिकटायला लागला. गॅरेजमधल्या मिस्त्रीने जॅक लावला, चाक दोन्ही हातांनी धरून हलवलं, तर ते सैल दातासारखं हललं.

"एक्सल घिस गया है, भाई. आज-कल में बदल डालो, नहीं तो रस्ते में पहिया बाहर आएगा."

शेठला सांगतो म्हणालो, आणि सांगितलं नाही. एकदा तर शेठनीच विचारलं, "मागून काय वाजतंय?"

"रस्ता खराब आहे, शेठ."

त्यांनी मान डोलावली आणि पेपर उघडला. इतका विश्वास होता माझ्यावर. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. पण नवा एक्सल बसला की गाडी मुकी होणार होती, आणि तेवढं मला नको होतं.

त्या हिवाळ्यात धुळ्याला मोतीबिंदूचं शिबिर भरलं. शेठ धुळ्यातच व्याह्यांकडे होते, त्यांना आणायला गाडी रिकामी जायची होती. त्यांना आधीच विचारून मी मामीला बरोबर घेतलं. ती पहिल्यांदाच मोटारीत बसली, पुढे माझ्या शेजारी, मांडीवर गाठोडं धरून. एरंडोल गेलं. पारोळ्याच्या अलीकडे एका छोट्या पुलावर चढ लागला, मी गिअर बदलला आणि मागे धाडकन आवाज झाला. गाडी उजवीकडे बसली, फरफटत गेली आणि कठड्याला घासून थांबली. उजवं चाक तुटलेल्या तुकड्यासकट बाहेर आलं होतं. कठडा नसता तर आम्ही खाली नाल्यात गेलो असतो. मामीचं कपाळ फुटलं होतं, रक्त डोळ्यांवर उतरत होतं. काच पुसायचं फडकं मी तिच्या कपाळाला बांधलं.

रस्त्याकडेच्या बाभळीखाली तिला बसवलं. ती एवढंच विचारत होती, "तुमाले तं लागलं नही ना?" ते ऐकून मला राहवेना. सगळं सांगून टाकलं. एक्सल जातोय हे माहीत होतं, मिस्त्रीने बजावलं होतं, शेठशी खोटं बोललो. तुम्हाला माझी गाडी ओळखू यावी म्हणून.

तिने डोळ्यांवर उतरलेलं रक्त पदराने टिपलं. मग हळू आवाजात म्हणाली, "जावाईबापू, मले कोनत्याच गाडीचा आवाज वयखू येत नही. येसटी वाजली, टरक वाजला, मी चहा ठेवते. रोज ठेवते. त्या दिशी तुमीच आले. तुमाले बरं वाटीन म्हनून तसं म्हनलं."

"आणि कोणी नाही आलं तर?"

"तं दोन्ही कप मीच पेते."

बायकोच्या दहाव्याला मी रडलो नव्हतो. तिथे धुळ्याच्या रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांदेखत, हुंदके देऊन रडलो. मामीने चाचपडत माझं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला.

एस.टी.ने आम्ही धुळ्याला पोचलो. कपाळाला टाके पडले, दोन दिवसांनी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, नीट झालं. शेठना मी पोचलो त्याच दुपारी खरं काय ते सांगितलं. "आधी गाडी ओढून आणा," एवढंच म्हणाले, आणि पुढे कितीतरी दिवस कामापुरतंच बोलले. नोकरी ठेवली, पण गाडीतून असोद्याची चक्कर बंद केली. योग्यच केलं.

पुढच्या सुट्टीला मी शेठच्या जिनिंग कारखान्यातल्या वॉचमनची सायकल मागून घेतली आणि निघालो. वाटेत एका मळ्यात थांबून पाणी प्यायलो, तरी अर्ध्या तासात मामीच्या दारात होतो. चार वर्षं मी तिथे जायला शेठची गाडी रिकामी व्हायची वाट पाहत बसलो होतो.