समुद्रापासून नऊशे नव्व्याण्णव मीटर

मी मुळशीतल्या घोटावड्याची. सिव्हिलचा डिप्लोमा झाल्यावर पुण्यात एका सल्लागार कंपनीत लागले, तेव्हा कंपनीकडे किनाऱ्यावरची घरं तपासायचं सरकारी काम होतं. समुद्राचं पाणी वस्तीत शिरलं तर कुठल्या घराला किती धोका, ते घरोघर जाऊन टॅबवर भरायचं. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातात यादी आली आणि तिच्यात कोळवण खोऱ्यातली एक वाडी होती.

मी साहेबांकडे गेले. म्हटलं, "सर, हे आमच्या मुळशीतलं गाव आहे. याच नावाचं दुसरं कोकणात असणार."

साहेबांनी चष्मा काढला. "यादी वरून आलीय. गाव बदलायचं तर नव्यानं मंजुरी. आणि तुला घरापासून जवळ पडतंय की."

ते खरंच जवळ पडत होतं. मी गेले.

पहिल्याच घराशी टॅब अडला. 'भरतीरेषेपासून अंतर' या चौकटीत तीनच आकडे मावत होते, आणि ती रिकामी ठेवली तर पुढचं पान उघडत नव्हतं. आमच्यात आणि समुद्रात अख्खा ताम्हिणी घाट. मी नऊशे नव्व्याण्णव मीटर लिहिलं. दुपारपर्यंत सगळी वाडी समुद्रापासून नऊशे नव्व्याण्णव मीटरवर येऊन बसली. कुणी हसलं नाही, याचंच मला नवल वाटत होतं. एका फार्महाउसवाल्या गृहस्थांनी तर, "याचा दाखला मिळेल का? विकताना बरं पडेल," असं विचारलं.

वाडीच्या टोकाला एका मावशींचं घर होतं. साठीच्या, विधवा, लेकी नांदायला गेलेल्या, दोन खाचरं स्वतः कसणाऱ्या. घर मातीचं, वर कौलं. मी टेप लावून जोत्याची उंची घेत होते तेव्हा त्या सुपातला तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"कशाचं माप घेतीस गं?"

"समुद्राचं पाणी आलं तर घरात शिरेल का, ते बघायचंय मावशी."

त्यांनी पश्चिमेच्या डोंगराकडे मान वळवली, थोडा वेळ बघितलं. "कवा यायचंय?"

"तसं ठरलेलं नाही."

"मग भात निगाल्यावर येऊ दे म्हनावं."

मी पुढचा प्रश्न वाचला. कुटुंबाला याआधी पाण्याचा फटका बसला आहे का?

"ह्या घराला न्हाई. आदीच्या घराला बसलाय. माज्या सासऱ्याच्या बापाचं घर धरनात गेलं. गावच गेलं समदं. सासू सांगायची, उन्हाळ्यात पानी उतरलं की जोतं दिसायचं. मान्सं काठावर जाऊन बगत बसायची."

"मग हो लिहू?"

"व्हय तर. खोटं कशाला लिवतीस?"

सकाळपासून मी खोटंच लिहीत होते, पण ते त्यांना सांगितलं नाही. 'पाण्याचा प्रकार' खाली भरती, वादळ आणि त्सुनामी एवढेच पर्याय होते. धरण नव्हतं. मी भरती निवडली. टॅबनं क्षणभर विचार केला आणि घर लाल केलं. अतिधोका. सगळ्या वाडीत लाल झालेलं ते एकच घर.

महिन्याभरानं लाल घराची खातरजमा करायला एक अधिकारी आले. त्यांना दाखवायला मीच होते. अंगणात उभे राहून त्यांनी चारी बाजूंना बघितलं. सगळीकडे डोंगर आणि भाताची खाचरं.

"समुद्र कुठल्या बाजूला?"

"त्या डोंगराच्या पलीकडे, सर."

त्यांनी वहीत लिहिलं ते मी खांद्यावरून वाचलं: 'समुद्र घरातून दिसत नाही. पूर्वसूचना मिळणे अवघड.' धोका आणखी वाढला होता. पावसाळ्याच्या आत जोतं हातभर उंच करून दगडी बांधायला मंजुरी आली, आणि काम झालंसुद्धा. एवढं वेळेवर झालेलं सरकारी काम मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

मला मात्र झोप लागेना. शेवटी एका रविवारी वाडीवर जाऊन मावशींना सगळं सांगितलं. चुकीची यादी, नऊशे नव्व्याण्णव मीटर, भरती. त्या नव्या जोत्यावर बसून ऐकत होत्या.

"म्हंजी समुद्र येनार न्हाई?"

"नाही मावशी."

त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं, जोतं काढून नेतील या भीतीनं. पण त्या म्हणाल्या, "मी वाट बगत हुते. कंदी बगितला न्हाई मी समुद्र."

पुढच्या रविवारी आम्ही दोघी पौडहून एसटीनं निघालो. घाट उतरून माणगावला गाडी बदलली आणि दुपारी किनाऱ्यावर पोचलो. मावशींनी चपला हातात घेतल्या, लुगडं वर खोचलं आणि तडक घोट्याएवढ्या पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. लाट आली तरी मागं सरकल्या नाहीत. मग ओंजळभर पाणी उचलून तोंडात घेतलं आणि थुंकलं.

"एवढं पानी," त्या म्हणाल्या, "आन् एक रोप जगायचं न्हाई."

आणि भूक लागली म्हणून वडापावच्या गाडीकडे चालू लागल्या.