चैत्रांगणाची फरशी

मी शाळेत चित्रकला शिकवते. त्यामुळे घरी कुणी "जरा चित्र काढ ना" म्हणालं की माझ्या कपाळाला आठी पडते. देवासला आमची शाळा सकाळी सातला भरते. त्याआधी दोन डबे, पाण्याची मोटर, आणि चैत्र लागला की सासूबाईंना उचलणं.

उचलणं म्हणजे अक्षरशः उचलणं. त्यांचं माहेर धारचं. गौर झोपाळ्यावर बसली की अक्षय्यतृतीयेपर्यंत रोज पहाटे दारापुढे रांगोळीचं चैत्रांगण काढायचं, दुसऱ्या दिवशी पुसायचं आणि पुन्हा काढायचं, हे त्यांनी लग्न होऊन इथे आल्यापासून चुकवलेलं नाही. गौर, सूर्य-चंद्र, कासव, गोपद्मं, आणि भोवती त्यांची स्वतःची भर म्हणून या दिवसांतली फुलं: पळस, सावर, कांचन. आता वय अठ्ठ्याहत्तर आणि दोन्ही गुडघे कामातून गेलेले. बसताना त्या देवाचं नाव घेतात, उठताना माझं. गेल्या वर्षी महिनाभर काखेत हात घालून मी त्यांना उठवलं आणि माझी कंबर धरली.

म्हणून या फाल्गुनात मी ठरवलं, फरशीवर ॲक्रिलिकनं कायमचंच रंगवून टाकायचं. एकदा काय ते होऊन जाऊ दे. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "तुला सोयीचं पडेल तसं कर बाई." मी त्याला होकार समजले.

सुरुवात शाळेच्या मुलांच्या ट्यूबांनी केली. तीन हात दिले तरी पळस केशरी होईना, खालून फरशीचा करडा रंग डोकावतच राहिला. मग कपाटातल्या जाड रंगाच्या ट्यूबा काढल्या. हा रंग लोण्यासारखा, सुरीनं थापला तर पाकळी फरशीवर उभी राहते. पळस आणि सावर त्यातच केले. कांचनाच्या पाकळ्या इतक्या जाड बऱ्या दिसेनात, तिथे बाटलीतला पातळ रंग वापरला. तो पाण्यासारखा पसरतो, पण वाळल्यावर पाकळीतून उजेड आल्यासारखा वाटतो. गौर आणि बाकीची चिन्हं बाहेरच्या भिंतींना देतात त्या पांढऱ्या रंगात काढली. दुकानदार म्हणाला होता, "ले जाओ भाभीजी, धूप-पानी सब झेल लेगा, बरसों नहीं उखड़ेगा." मला तेच हवं होतं.

माळव्यातलं फाल्गुनातलं ऊन. रंग ताटलीतच वाळत होता, दर पाच मिनिटांनी पाणी शिंपडावं लागे. शाळेतून आल्यावर चार दुपारी मी त्या फरशीवर घातल्या. सासूबाई दारात खुर्ची टाकून बसायच्या आणि बघायच्या. "सावरीच्या पाकळ्या पाचच हं," म्हणायच्या. "पळसाची चोच अशी सरळ नसते गं, वळते." मी वळवायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी हात पुढे केला. "एखादी पाकळी मी करू का? खुर्चीतून वाकून जमेल."

"राहू द्या आई, हा रंग फार लवकर वाळतो," मी म्हणाले. खरं तर मला पाठ टेकायची घाई होती. त्यांनी हात मांडीवर ठेवला.

गौर बसली त्या दिवशी हळदीकुंकवाला आलेल्या बायका फरशीभोवती वाकून वाकून बघत होत्या. शेजारीण म्हणाली, "अरे वा भाभी, अब तो रोज का झंझट ही खतम!" मी हसले. सासूबाईही हसल्या.

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीसारख्या पहाटे उठल्या. आंघोळ केली, रांगोळीचा डबा घेतला, दार उघडलं. मी ओट्याशी पोळ्या लाटत होते, तिथून त्यांची पाठ दिसत होती. बराच वेळ त्या तशाच उभ्या होत्या. मग डबा कोनाड्यात ठेवून खोलीत जाऊन आडव्या झाल्या. तिसऱ्या दिवशी सहाला उठल्या, आठवडाभरानं आठला. आता मी शाळेला निघते तेव्हा त्या झोपलेल्याच असतात. परवा विचारत होत्या, आज वार कोणता? ज्या बाईला तिथीसुद्धा पंचांगाशिवाय सांगता यायची, तिनं हे विचारावं!

काल रविवार होता. मी गरम पाणी, तारेची घासणी आणि पत्र्याची पट्टी घेऊन फरशीवर बसले. कांचनाचा पातळ रंग पापुद्र्यासारखा सुटला. जाड पळस हलायला तयार नव्हता. भिंतींचा पांढरा तर फरशीत मुरलेलाच. तासभर घासून गौरीचं एक पाऊल गेलं, तेवढंच. आवाजानं सासूबाई भिंत धरत दारात आल्या.

"काय करतेस?"

"पुसते. उद्यापासून तुम्ही काढा. मी उठवीन तुम्हाला, रोज."

त्यांनी फरशीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"नको गं. दमलीयेस तू. राहू दे, छान झालंय."

मी पुढे एकदासुद्धा आग्रह केला नाही. त्यांचं वाक्य पुरतं संपायच्या आत माझ्या हातातली घासणी खाली ठेवलेली होती.