शेपटीवरच्या पट्ट्या

सेनगावजवळच्या गोरेगावच्या जीपस्टँडवर मी एक जर्मन लढाऊ वैमानिक पाच वर्षं हवेत ठेवला. पेट्रोलचा थेंब लागला नाही.

आता तिथं जो तो मोबाइलमध्ये मान घालून बसतो, कुणाला धरून ठेवावं लागत नाही. तेव्हा मी सेनगावच्या शाळेत मास्तर होतो आणि जीप चौदा माणसं कोंबल्याशिवाय हलत नसे. अकरावा येईस्तोवर आधीचे दोघं उतरून पलीकडच्या जीपमध्ये जायचे. आमच्या ड्रायव्हरला त्यावर एकच औषध सापडलं: मी. मी गोष्ट सांगून माणसं धरायची, बदल्यात पुढची खिडकी माझी. मागं बसणाऱ्याला सेनगावात उतरताना आपला पाय कोणता, हे शोधावं लागे. मी मात्र सुलतानासारखा वारं खात जायचो. काय दिवस होते!

गोष्टीचा माल एका फाटक्या पुस्तकातला. त्यात एवढंच होतं, की हा गडी रशियावर उडायचा आणि एक विमान पाडलं की स्वतःच्या विमानाच्या शेपटीवर एक पट्टी रंगवायचा. बाकीचं मी पुरवलं. माझा वैमानिक ढगाला टेकून दाढी करायचा. एकदा इंजिन बंद पडलं, तर खाली उतरून, धक्का मारून पुन्हा उडाला.

"धक्का कोणं मारला?" एका आजीनं विचारलं.

"रशियावाल्यांनी. माणुसकी असते, आजी."

ड्रायव्हर असा पेटला, की भरलेली जीप सेनगावला पोचली की मागच्या पत्र्यावर पांढरी पट्टी ओढू लागला. पोळ्याच्या आत पत्रा दिसेनासा झाला.

स्टँडसमोर टेलरमामांचं मशीन होतं. रोज कापड बेतत ते गोष्ट ऐकायचे. एक दिवस स्वतःच जीपमध्ये येऊन बसले. मी साठावं विमान पाडलं, तसे बोलले, "मास्तर, हा तुमचा गडी कोणासाठी लढून राहिला?"

"देशासाठी, मामा."

"जन्म पाहून माणसं निवडायचे, अन् रेल्वेच्या मालडब्यात कोंबून मारायला न्यायचे, त्याच राज्यासाठी ना?"

"त्यो तर नुसता उडायचा, मामा," ड्रायव्हर म्हणाला.

"व्हय. तू बी नुसता चालवतो. पण तुह्या एका पट्टीत चौदा माणसं सुखरूप पोचली. त्याच्या पट्टीत कोण गेलं? एकाचं तरी सांगा, मास्तर. उगं एकाचं."

मी तोंड उघडलं. बारा बसले होते, दोन यायचे होते, पलीकडचा "सेनगाव, सेनगाव" ओरडत होता. रशियावाल्यांकडून विमान ढकलून घेणारा मी. पण पडणाऱ्या विमानातल्या माणसाबद्दल एक शब्द सुचेना. पुस्तकातही त्याची एक ओळ नव्हती.

तिघं उतरले.

"मास्तर, काही बी फेका ना!" ड्रायव्हर काकुळतीला आला.

"न्हाई येऊन राहिलं, बाबा."

जीप भरायला तास गेला. ड्रायव्हर करारात पक्का. खिडकीत त्यानं टेलरमामांना बसवलं आणि मला पार मागं, रस्त्याकडं तोंड करून. छातीशी गुडघे, मांडीवर कुणाचं तरी गाठोडं, समोर नुसता मागं पळणारा रस्ता. त्या पडणाऱ्या रशियन विमानाच्या मागच्या बाजूला बंदूक धरून एक जण असाच बसत असेल. कोण येऊन राहिलं, हे सगळ्यात आधी त्यालाच दिसत असेल.

माझ्या वर्गातलं पुसेगावचं एखादं पोरगं समोर बसलेलं असावं, तसा तो मला दिसू लागला. सेनगाव आलं तरी त्याला सोडून मी उतरलो नाही.