पर्समधला मोगरा

काल दुपारच्या खेळाला गेले होते. सिनेमा विनोदी, साठी उलटलेल्या दोघांच्या प्रेमाचा. पडद्यावरच्या आजोबांनी बाईंच्या केसांत गजरा माळला आणि सगळं थिएटर खिदळलं. मागून कुणीतरी ओरडलं, "आजोबा, गुडघे सांभाळा!"

माझ्या पुढच्याच रांगेत त्याच वयाची दोघं बसली होती. बाईंच्या पांढऱ्या अंबाड्यावर ताजा मोगरा होता, कपाळ मात्र कुंकवाशिवाय मोकळं. हशा उसळला तसा त्यांचा हात मागे गेला. गजरा सोडवून त्यांनी पर्समध्ये कोंबला.

"राहू दे ना," शेजारचे गृहस्थ हळूच म्हणाले.

"नको हो. लोक हसतात."

माझं डोकंच फिरलं. नवरा गेला की बाईच्या केसांतलं फूल उतरवणारे आपणच, आणि तिनं ते पुन्हा माळलं की तिकीट काढून दात काढणारेही आपणच! कसला मेला विनोद?

शेवटी पडद्यावर त्या दोघांचं लग्न लागलं, तेव्हा ह्याच लोकांनी टाळ्या पिटल्या. डोळेसुद्धा पुसले.

दिवे लागले. पुढच्या रांगेतली दोघं उठली आणि एकमेकांकडे न बघता वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडली.