मामांच्या आवाजात सुटलेला डंपर

इमारती पाडायच्या धंद्यातला माणूस म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर कोण आलं, सांगू? गळ्यात जाड चेन, तोंडात गुटखा, आणि कोणी बघत नसलं की डंपर खाडीत रिकामा करणारा. आलाच ना? खोडा ते चित्र. आमचे टकटकमामा चहाबरोबर खारी खायचे, बशीत पडलेला चुरासुद्धा बोटाने टिपायचे आणि विटांशी बोलायचे. म्हणजे वीट बोलायची, मामा ऐकायचे.

चंदनसारला एक जुनी चार मजली बिल्डिंग पाडायचं काम चाललेलं. मी तिथे सुपरवायझर, नवाकोरा डिप्लोमावाला. मामा मूळचे गवंडी, खाडीलगतच्या खाजणाकाठच्या भातशेतीवाल्या गावातले. पाडलेल्या मालाची निवड त्यांच्याकडे. सळया एका बाजूला, काँक्रीट एका बाजूला, पीओपी आणि प्लास्टिक लांब. काँक्रीट कामणच्या यार्डात जायचं, तिथे दळून त्याची खडी, खडीचे पेव्हर ब्लॉक. विटा मात्र मामा स्वतः बघायचे. हातोडीने दोनदा टकटक, कान वाकडा. टण्ण वाजली तर पुन्हा भिंतीत जाणार, बद्द वाजली तर दळायला. मी एकदा विचारलं, "मामा, एवढ्या विटा कधी वाजवून होणार?"

"मोडलं म्हनजे मेलं नाय रं. इचारायला नको तिला?"

आता मामांचे गुडघे गेलेत, ते साइटवर येत नाहीत. त्यांची नक्कल करून दाखव म्हणून अजून सगळे माझ्या मागे लागतात. हातोडी दाखवतो, खारी दाखवतो. फोनवरचे मामा तेवढे करत नाही. का, ते सांगतो.

नकला हा माझा शाळेपासूनचा रोग. हेडमास्तरांनी एकदा छडी घेऊन समोर उभं केलं, "कर माझी नक्कल" म्हणाले, आणि मी केल्यावर हसू आवरेना म्हणून स्वतःच केबिनबाहेर गेले. मामांचा आवाज तर सोपा. नाकातून सुरुवात, घशात घोळ, शेवटी एक खाकरा. मामांनाही मजा वाटायची. "नकल्या, माझ्या बायकूला फोन लाव, उशीर होईल सांग. तिला कळनार पन नाय!"

एका गोष्टीत मात्र मस्करी चालायची नाही. प्रत्येक डंपर निघताना मामा त्याच्या पत्र्यावर थाप मारून म्हणायचे, "खाजनात एक खडा पडला तर माझं पानी कुठं जानार?" त्यांचं गाव कामणच्या वाटेवरच, आणि गावाचं सगळं पाणी रस्त्याखालच्या एकाच मोरीतून खाजणात उतरतं. मागे कोणीतरी तिथे राडारोडा टाकला आणि मामांच्या घरात मांडीभर पाणी आलं. पुढचा महिनाभर मामा मोरीवर खुर्ची टाकून बसले होते, मांडीवर हातोडी घेऊन.

जुलै होता. दोन दिवस पाऊस थांबलाच नव्हता. मामा जेवणाआधी हात धुवायला गेले, फोन विटांवर ठेवून. फोन वाजला. दिन्या ड्रायव्हर.

"मामा, कामणच्या रस्त्याला जाम आहे. हलतच नाय. काय करू?"

कामगार माझ्याकडेच बघत होते. मी नाकातून सुरू केलं, "टाक खाजनात नि ये जेवायला!" शेवटी खाकरा. सगळे पोट धरून हसले. मामा असं कधीच बोलणार नाहीत, म्हणून तर हसले. मला वाटलं दिन्यापण हसत असेल.

अर्ध्या तासाने पुन्हा फोन. या वेळी मामांनी उचलला. "हां बोल... कुठं?... कुनी सांगितलं?" फोन खिशात टाकला आणि मला म्हणाले, "गाडी काढ. चारला भरती लागंल."

दोन वाजून गेले होते. भरती चढली की खाजणातलं पाणी वर येतं, मग मोरी मोकळी असून नसल्यासारखी. पूर्ण रस्ता बाइकवर मागे बसलेल्या मामांचा हात माझ्या खांद्यावर. मी तीनदा तोंड उघडलं. तिन्ही वेळा तोंडात पाऊसच गेला.

मामांच्या गावच्या मोरीच्या तोंडावर आमच्याच साइटचा ढीग. एका घराच्या उंबऱ्याला पाणी लागलेलं, आतली माणसं तांदळाचे डबे पलंगावर चढवत होती. एक म्हातारी कडाडली, "खुर्ची टाकून तूच बसला होतास ना इथं? आनि डंपर तुझाच?"

"माझाच, वयनी. माझ्याच आवाजानं आला."

मामांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कंबरभर पाण्यात उतरले. जेसीबी मागवलेला, पण तो जाममध्ये. दिन्या, मी, गावातली आठदहा माणसं, सगळे घमेली घेऊन लागलो. मामांच्या हातातून वीट जात होती, वीट, पुन्हा वीट, आणि ते एकही वाजवत नव्हते. तेव्हा मी खरा टरकलो. साडेतीनला मोरीत घुर्र झालं, पाणी ओढलं गेलं, उंबरा दिसायला लागला. ढीग परत डंपरमध्ये भरून दिन्या कामणला गेला, मान खाली घालून. आपल्याला कोणीतरी फसवलंय हे त्याला अजून माहीतच नव्हतं.

मग मी सांगितलं. मामा मोरीच्या कठड्यावर बसून गुडघे चोळत होते.

"मला फोनवरच कळलं. माझ्या आवाजाचे दोन धनी, एक मी नि एक तू." माझ्याकडे वळून म्हणाले, "आवाज काढलास, काढ. पन दिन्यानं आवाज नाय आयकला, गाढवा. माझा शब्द आयकला. इतकी वर्सं राखलेला. आता तो बिचारा समजतोय मामाच फिरला." फोन माझ्यापुढे धरला. "लाव. तुझ्या आवाजात सांग त्याला."

लावला. "दिन्याभाऊ... मी... ते मगाशी..."

"कोन बोलतंय? आयकू येत नाय!"

मागून मामा गरजले, "मोठ्यानं बोल की रं! मगाशी माझा आवाज कसा खनखनीत निघत होता!"