उसनं लेकरू

नव्वदच्या दशकात मी एका संस्थेच्या पाहणीसाठी नगरच्या स्टेशनामागच्या वस्तीत हिंडायचे. बायकांना विचारायचं, नवरा मारतो का, नशापाणी करता का, एड्स ठाऊक आहे का. केडगावाहून सायकल हाणत यायचं आणि दुपारपर्यंत शिव्या खायच्या. ट्रेनिंगमध्ये आम्हाला एक युक्ती शिकवली होती. मधेच घरातला पुरुष आला तर प्रश्नांचा कागद खाली सारायचा आणि दुसरा वर घ्यायचा, लेकरांच्या लसींचा. मला ही युक्ती भारीच आवडली होती.

एका घरी पंचविशीतली बाई भेटली. माहेर कर्जतकडचं, नवरा ट्रकवर. तिनं दार लोटलं आणि घडाघडा बोलायला लागली. पाच वर्षं झाली, लेकरू न्हाई, म्हणून मारतो. ट्रक वस्तीत शिरला की ती झोपेच्या दोन गोळ्या घ्यायची. "मंग मार बसतो, पर कळत न्हाई." आता तो नसला तरी गोळ्या लागायच्याच. निरोध वापरा म्हटलं तर तो विचारायचा, "कुनाकडनं शिकलीस?" मी लिहिणं थांबवलं. म्हटलं, बाई गं, एड्ससाठी रक्त तपासून घे. सोमवारी सरकारी दवाखान्याच्या गेटावर थांबते मी. ती हो म्हणाली.

तेवढ्यात दार ढकललं गेलं. नवरा! माझ्या हातांनी शिकवल्यासारखा कागद बदलला आणि तोंडानं विचारलं, "बाळाचे सगळे डोस झाले का?"

जळलं मेलं माझं तोंड! आत्ताच तर सांगितलं होतं तिनं.

"कुनाच्या बाळाचं?" नवऱ्यानं विचारलं.

ती ताडकन उठली. "ताई, कवाधरनं सांगतेय, घर चुकलाय तुमी! लेकरू पल्याडच्या घरात हाय." दंडाला धरून तिनं मला बाहेर काढलं. मी सुटले. मागं कडी लागलेली ऐकली. वस्तीच्या टोकापर्यंत सायकल नुसती ढकलत नेली.

सोमवारी ती कुठली येतेय! तरी गेटावर उभी राहिले, स्वतःला शिव्या घालत. अकराच्या सुमाराला आली. एक डोळा सुजून काळानिळा, आणि कडेवर शेजारणीचं नऊ महिन्यांचं पोर.

"ताई, बाळाचा डोस ऱ्हायलाय," म्हणाली आणि सुजल्या तोंडानं हसली. "घरी असंच सांगून आले. शेजारनीलाबी बरंच, तिला कामावर जायाचं हुतं."

मी घातलेल्या घोळातून तिनंच वाट काढली होती. मला भर रस्त्यात रडू फुटलं. आधी लेकराला टोचलं, मग तिचं रक्त घेतलं.

पुढच्या आठवड्यात रिपोर्टला आली तेव्हाही कडेवर तेच पोर. या वेळी त्याला ताप आल्याचं घरी सांगितलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तिला एकटीला आत बोलावलं. मी बाहेर बाकावर पोराला मांडीवर घेऊन बसले आणि आठवले तेवढे देव आठवले.

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. पोरानं तिला बघितलं आणि दोन्ही हात पुढं केले. तिनं मात्र आपले हात पदराखाली घेतले.

"ताई, मी घेतलं तर चालंल ना याला?"

चालतं. कडेवर घेतल्यानं, एका ताटात जेवल्यानं काही होत नाही. घरोघर जाऊन बायकांना मीच तर हे सांगत होते. पण पोर माझ्या मांडीवर होतं, आणि माझे हात त्याच्याभोवती घट्ट झाले. क्षणभरच. मग म्हटलं, "चालतं की! घे ना."

ती माझ्या हातांकडं बघत होती.

"असू द्या," म्हणाली. "वस्तीपातूर तुमीच घ्या."

आणि पुढं चालायला लागली. पोर सगळ्या वाटेनं तिच्याकडं झेपावत होतं.