मेहुणीच्या पेशींचा झेंडा

माझी मेहुणी सव्वीस वर्षं एका प्रयोगशाळेत पेशी वाढवते. माणसाच्या पेशी, प्लास्टिकच्या चपट्या बश्यांमध्ये. दर दोन दिवसांनी त्यांचं गुलाबी पाणी बदलायचं, ऊब सांभाळायची आणि तोंड बंद ठेवायचं. हे शेवटचं मला या जन्मी जमलं नसतं. मी चाळीस वर्षं रंगभूमीवर होतो. त्यातली तीस दुसऱ्या अंकात निरोप सांगून मरण्यात गेली. मरताना असा काही तडफडायचो, की नायकाला पुढचं वाक्य म्हणायला फट सापडत नसे. याला मी प्रतिभा म्हणायचो. नायक दुसरा शब्द वापरायचे.

गेल्या वर्षी माझ्या कमरेवर नागीण उठली. मेहुणी बघायला आली, तेव्हा मी पलंगावर शेवटचा प्रवेश रंगवत होतो.

"भाऊजी, पुरे. लहानपणी कांजिण्या आल्या होत्या ना? तोच हा विषाणू. तेव्हापासून तुमच्या मज्जातंतूंत गप्प बसून होता."

"सत्तर वर्षं?"

"तुमच्या अंगात राहून गप्प? धन्य आहे त्याची!" आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली.

मेहुणी हसली नाही. तिचं काहीतरी बिनसलं होतं. ती ज्यावर काम करते, तो माझ्या नागिणीच्याच घराण्यातला विषाणू. तो आत शिरला, की पेशी आपल्या अंगावर एक प्रथिन काढते, मदतीच्या झेंड्यासारखं. ते बघून शरीराचे पहारेकरी धावून येतात. तिच्या बश्यांमध्ये विषाणू होता, झेंडा काढण्याचा संदेशही पेशींत भरपूर होता, पण झेंडे जेमतेम. तिच्या मते ही विषाणूचीच करामत. प्रयोगशाळेतल्या साहेबांच्या मते तिचा हात चुकला होता. महिन्याच्या बैठकीत तिने स्वतः पटवून द्यायचं. नाही पटलं, तर त्या पेशी फेकायच्या आणि तिने बाटल्या धुण्याच्या खोलीत जायचं.

"चार माणसांसमोर कधी तोंड उघडलेलं नाही, भाऊजी. शिकवा मला."

माझी नागीण तिथेच निम्मी उतरली. मी बारा पानांचं भाषण लिहून काढलं. त्यात विषाणू गडगडाटी हसत प्रवेश करत होता.

"विषाणू हसत नाही," मेहुणी म्हणाली.

"मग लोकांना कळणार कसं, तो दुष्ट आहे ते?"

"कळत नाही, म्हणून तर तो टिकलाय. त्याने स्वतःची प्रथिनं काढली, तर पहारेकरी ओळखतील. म्हणून तो बारीकसा मायक्रोआरएनए सोडतो. जनुकांच्या लिपीतला, जेमतेम बावीस अक्षरांचा तुकडा. तो पेशीच्या संदेशाच्या शेपटाला चिकटतो. संदेश जागच्या जागी राहतो, पण त्यावरून प्रथिन बनत नाही."

बावीस अक्षरांत काम फत्ते! मला अपमान झाल्यासारखं वाटलं. राजा गेला एवढं सांगायला मला अडीच पानं लागायची. तरी मी हट्ट सोडला नाही. तीन आठवडे तिला छातीवर हात ठेवायला, आवाज कापरा करायला शिकवलं. बिचारी सगळं मुकाट्याने करायची. मी समजलो, शिकतेय.

बैठकीला घरच्यांना मागे बसायची मुभा होती. मी अर्थात तिसऱ्या रांगेत बसलो. चिमटे काढायला शेजारी ही.

मेहुणीने पडद्यावर चित्र लावलं. "संदेश हा इथे," ती साध्या आवाजात म्हणाली. "झेंडा नाही." आणि थांबली.

थांबली ती थांबलीच. मला वाटलं, विसरली! ही माझा हात धरेपर्यंत विंगेतली जुनी सवय उफाळली आणि पार शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात मी तिला वाक्य पुरवलं: "त्या नराधमाने गळा आवळला!"

सगळी खोली फिदीफिदी हसली. साहेबसुद्धा.

"भाऊजी, लोक चित्र बघत होते," मेहुणी म्हणाली. "आणि संदेशाचा गळा कोणीच आवळलेला नाही. आवळला असता, तर संदेशच दिसला नसता. माझं म्हणणं तेच आहे."

साहेबांचं हसू थांबलं. ते पुढे झुकले. "पण तुमचा हात चुकला नाही कशावरून?"

"चौथी बशी बघा. यात मी संदेशाच्या शेपटातली, तो तुकडा चिकटतो तिथलीच चार अक्षरं बदलली. विषाणू तोच, पाणी तेच, हात माझाच. झेंडे परत आले."

"एकदा?"

"तीनदा. तिन्ही वेळच्या बश्यांवर तारीख आहे."

ना छातीवर हात, ना कापरा आवाज. माझ्या बारा पानांतलं एक वाक्य तिने घेतलं नव्हतं. आणि मी, चाळीस वर्षं टाळ्या मोजलेला माणूस, श्वास रोखून बसलो होतो.

साहेबांनी पडद्यावरच्या तिन्ही तारखा वाचल्या. मग शेजारच्या माणसाला म्हणाले, "त्या पेशी टाकू नका. आणि बाटल्यांसाठी दुसरं कोणीतरी बघा."

मी उभा राहून टाळ्या वाजवू लागलो. एकटाच.

"भाऊजी, बसा," मेहुणी म्हणाली. "लोकांचे प्रश्न राहिलेत."